बारा तारा आणि एक अंगठा

पार्श्वभूमी

मी ठाण्यात, नौपाड्यात गिटार शिकवतो. जोडीला सेटअप (वाद्य वाजवायला सोपं जाईल असं जुळवून देणं) आणि किरकोळ दुरुस्तीची कामं करतो. हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थ्याचं आहे. नाव सांगायचं नाही, म्हणून इथे त्यांना नेरुळकर म्हणतो, कारण ते नेरुळला राहतात. वय 54. नोकरी रबाळ्याला एमआयडीसीत, एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. कामावरून सुटले की लोकल पकडून ठाण्याला क्लासला यायचे, परत त्याच लाइनने घरी. मी त्यांना काका म्हणतो. ते मला, वयाने दहा-बारा वर्षांनी मोठे असूनही, सर म्हणतात.

कॉलेजात शिकलेली गिटार वीसेक वर्षं माळ्यावर पडली होती, ती तीन वर्षांपूर्वी खाली आली. त्याला कारण त्यांच्या सोसायटीतला भावगीतांचा ग्रुप. हार्मोनियम, तबला, गाणारे पाचजण (त्यात वहिनी, म्हणजे काकांच्या पत्नी) आणि गिटारवर एकटे काका. दर कोजागरीला गच्चीवर कार्यक्रम, मसाला दूध, आणि दूध आटेपर्यंत गाणी.

एप्रिलमध्ये काका म्हणाले, "सर, बारा तारांची घ्यायचीय. कोजागरीपर्यंत हातात बसली पाहिजे. बजेट पंचवीस हजार."

ओढ समजण्यासारखी होती. वहिनींचा रियाज ऐकून ऐकून त्यांच्या कानात तानपुरा मुरलेला. बारा तारांच्या गिटारमध्ये तारांच्या सहा जोड्या असतात. गिटारच्या तारांना जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशी नावं. सगळ्यात उंच सुराच्या दोन, म्हणजे बी आणि बारीक ई, या जोड्यांतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात. उरलेल्या चार जोड्यांत एक तार नेहमीची आणि दुसरी तिच्या एक सप्तक वर. दोन तारा कधीच शंभर टक्के जुळत नाहीत, आणि त्या सूक्ष्म फरकातूनच आवाजाला ती लकाकी येते. ज्याचा कान तानपुऱ्याच्या जवारीवर, त्या गुंजणाऱ्या नादावर, पोसलाय त्याला हा आवाज भुरळ घालणारच.

अडचण

काकांना वाटत होतं, प्रश्न "कुठली कंपनी" एवढाच आहे. मला वाटत होतं, प्रश्न "वाद्य टिकेल का" हा आहे. दोघांचंही अर्धंच बरोबर होतं, ते जुलैमध्ये कळलं.

माझी काळजी ताणाची होती. सहा तारांच्या गिटारवर 12 ते 53 चा (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीचा संच लावला तर सगळ्या तारांचा मिळून ओढा साधारण 73 किलो भरतो. बारा तारांचा 10 ते 47 चा हलका संच लावला तरी तो 110 किलोच्या आसपास जातो. एवढा भार ब्रिजला (पेटीवर तारा अडकवतात तो लाकडी तुकडा) पुढे खेचतो, टॉपला (पेटीची पुढची फळी) ब्रिजच्या मागे पोट आणतो आणि नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, कोन हळूहळू बदलतो. हे एका रात्रीत होत नाही. दुकानात दहा मिनिटं वाजवून तर दिसतच नाही.

त्यात नेरुळ. एका बाजूला खाडी, आणि चार महिने भिंतीला हात लावला तरी ओलसर लागावं अशी हवा. गिटारच्या लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती 80 च्या वर मुक्काम ठोकून असते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काकांनी स्वतःच शोधून आणला होता. कोपरखैरण्याला एकाकडे जुनी, मोठ्या पेटीची, सॉलिड (एकसंध लाकडाच्या) टॉपची बारा तारी. किंमत 16 हजार, नवी घेतली असती तर दुपटीच्या वर गेली असती. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं बघायला गेलो. काकांनी छेडली आणि त्यांचा चेहराच बदलला. खोटं कशाला बोलू, आवाज माझ्याही मनात भरला.

पण ट्यूनर लावला तर तारा अख्खा एक स्वर खाली उतरवलेल्या. विकणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "वापरत नाही ना, म्हणून सैल ठेवलीय." खरं असेलही. परवानगी घेऊन नेहमीच्या स्वराला चढवली आणि मग मोजायला घेतली. 12 व्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या काड्यांपैकी बारावी) जाड ईच्या तारेची उंची चार मिलिमीटर. असायला हवी दोन-सव्वादोन. सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात तो तुकडा, खाली घासून उंची कमी करता येते, पण इथे ते आधीच कुणीतरी घासून घासून ब्रिजच्या बाहेर जेमतेम नखाएवढं ठेवलेलं. मग लांब पोलादी पट्टी फ्रेट्सवर टेकवून ब्रिजकडे सरकवली. नेकचा कोन ठीक असेल तर पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकतं. इथे ते ब्रिजच्या पोटावर जाऊन आदळलं. शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहिला, तो अर्धा सेंटीमीटर आत गेला.

म्हणजे ब्रिज सुटायला लागलेला, आणि नेक काढून पुन्हा कोनात बसवणं अटळ. ते काम मी करत नाही. नीट करणारे मोजके आहेत आणि ते गिटारच्या किमतीएवढे पैसे घेतात. काका बाहेर आल्यावर म्हणाले, "खाली लावूनच वाजवली तर?" मी म्हटलं, काका, ती खाली लावून इथवर आलीय. इथून पुढे काय होईल ते ती सांगतेच आहे.

(हेच वाक्य मला दोन महिन्यांनी वेगळ्या अर्थाने गिळावं लागलं, ते पुढे येईल.)

दुसरा पर्याय ऑनलाइन मिळणारी 13 हजारांची प्लायवूड टॉपची. प्लाय ओलाव्याला सॉलिड लाकडापेक्षा कमी दाद देतो, त्यामुळे नेरुळसाठी हा पर्याय दिसतो तितका वाईट नाही. पण न बघता बारा तारी मागवायची म्हणजे बारा चाव्या, बारा खाचा आणि नेकचा कोन असं सगळं नशिबावर सोडायचं.

तिसरा, दुकानात बसून पारखून घ्यायची सॉलिड टॉपची. साधारण 34 हजार. बजेट ओलांडून नऊ हजार वर.

चौथा मी सुचवला, आणि काकांना तो आधी चेष्टाच वाटला. बारा तारांच्या संचातल्या फक्त बारीक तारा काढायच्या आणि त्यांच्या सहा तारांच्या जुन्या गिटारवर चढवायच्या. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. ई, ए, डी, जी या चार तारा एक सप्तक वर, बी आणि बारीक ई तशाच. कॉर्ड धरायची पद्धत तीच. खर्च एका संचाचा, हजाराच्या आत.

काय केलं

आधी चौथा पर्याय वापरून पाहिला, कारण तो स्वस्त होता आणि चुकला तरी उलटवता येत होता. मेअखेर तारा चढवल्या. क्लासमध्ये मी माझी साधी गिटार घेऊन त्यांच्यासोबत वाजवलं तेव्हा दोन्ही मिळून बारा तारीचाच भास होत होता. काका खूश. शनिवारी ग्रुपच्या सरावाला गेले आणि रविवारी सकाळी फोन आला, "सर, माझ्या एकट्याच्या हातात ती टाळ वाजल्यासारखी वाटतेय. खाली काहीच नाही." बरोबरच होतं. नॅशव्हिल ही दुसऱ्या गिटारच्या सोबतीने शोभणारी गोष्ट. ग्रुपमध्ये काका एकटे, खर्ज भरणारं दुसरं कुणी नाही.

प्रयोग फुकट गेला नाही. जीची बारीक तार त्यांनी पहिल्याच आठवड्यात तोडली. बारा तारीतली सगळ्यात बारीक तार हीच, 8 किंवा 9 ची, आणि तिच्यापुढे बारीक ई देखील दणकट वाटते. ती कशी हळू चढवायची, जास्तीची तार खिशात का ठेवायची, हे काका 34 हजार खर्च करायच्या आत शिकले. आणि हौस खरी आहे की नाही तेही कळलं. आवाज पातळ लागल्यावर नाद सोडून देणारे मी पाहिलेत. काका सोडत नव्हते.

जूनच्या मध्यावर, पाऊस नुकता लागला असताना, आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. दोन गिटार समोर होत्या. दोन्ही सॉलिड टॉपच्या, किंमतही जवळपास सारखीच. एकीच्या नटची (नेकच्या टोकाचा, तारांच्या खाचांचा तुकडा) रुंदी 44 मिलिमीटर, म्हणजे सहा तारांच्या गिटारएवढीच. दुसरीची 47. काकांची बोटं जाड. अरुंद नेकवर डी कॉर्ड धरताना त्यांचं बोट शेजारच्या जोडीला लागायचं आणि एक तार मुकी व्हायची. रुंद नेकवर प्रत्येक जोडी स्वच्छ बोलत होती. वीस मिनिटांत निर्णय झाला. पट्टी टेकवली, ब्रिजखाली कागद घातला, बाराही चाव्या एकेक फिरवून पाहिल्या, प्रत्येक जोडी 12 व्या फ्रेटवर तपासली. सगळं नीट. अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, मी नंतर 2.2 मिलिमीटरवर आणून दिली. काळी चारच्या (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा सा) गाण्यांना कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, कुठे लावायचा तेही लिहून दिलं.

वाद्याची तपासणी इतकी चोख झाली की हाताची करायची राहिली. रुंद नेक म्हणजे मागे अंगठ्याला जास्त उघडावं लागणार. हे मी दरवर्षी दहा जणांना सांगतो. काकांना विचारलं नाही.

जुलै

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काकांनी लागोपाठ दोन क्लास बुडवले. तिसऱ्याला आले ते डाव्या अंगठ्याला पट्टा बांधून. म्हणाले, "काही नाही सर, जुनंच दुखणं आहे. पिपेटचं."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काका डावखुरे आहेत. गिटार उजव्या हाताची वाजवतात, कारण कॉलेजात तीच मिळाली, पण प्रयोगशाळेत तीस वर्षं पिपेटचं, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या नळीचं, बटण डाव्या अंगठ्याने दाबलेलं. दिवसाला शेकडो वेळा. त्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा आधीच कुरकुरत होता. त्यावर मी 47 मिलिमीटरचा नेक आणि बारा तारांचा दाब ठेवला होता. फिजिओथेरपिस्टने दोन आठवडे गिटार बंद सांगितली होती. क्लास बुडाले ते त्यामुळे.

गिटार बघितली तर तिकडेही पाऊस शिरलेला. टॉप फुगून ब्रिज वर उचलला गेला होता आणि 2.2 ची अ‍ॅक्शन 2.9 वर गेली होती. ऐकायला सात दशांश मिलिमीटर. बारा तारांवर बॅरे (एका बोटाने सगळ्या तारा एकदम दाबणं) धरणाऱ्या दुखऱ्या अंगठ्याला विचारा.

इथे तीन रस्ते होते. गिटार परत करून अरुंद नेकची घ्यायची, पण दुकानाची मुदत संपली होती आणि बोटं अडखळण्याची मूळ तक्रार परत आलीच असती. दुसरा, सॅडल घासून अ‍ॅक्शन खाली आणायची. हात शिवशिवत होते, पण थांबलो. घासलेलं सॅडल परत वाढत नाही. डिसेंबरात हवा कोरडी झाली, टॉप बसला की त्याच तारा फ्रेटवर खरखरणार. तिसरा रस्ता, ताणच कमी करायचा.

तारा एक स्वर खाली उतरवल्या. कोपरखैरण्याच्या गिटारवर मी जे नाकारलं होतं, नेमकं तेच. फरक एवढाच की तिथे खाली लावणं ही मोडलेल्या नेकवरची मलमपट्टी होती आणि इथे धडधाकट नेकवरचा भार उतरवणं. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एक पूर्ण स्वर उतरवला की ओढा जवळजवळ 20 टक्क्यांनी घटतो. 110 चे 88 किलो. काकांना हे आधी कमीपणाचं वाटलं. त्यांना सांगितलं, लेडबेली, ज्याच्यामुळे हे वाद्य जगभर पोचलं, तो आपली बारा तारी याहूनही खाली लावायचा. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला.

अ‍ॅक्शन 2.7 वर आली. उरलेल्यासाठी हाडाचं दुसरं सॅडल बनवलं, मूळच्यापेक्षा एक मिलिमीटर बुटकं. सॅडल जेवढं उतरवाल त्याच्या निम्मं 12 व्या फ्रेटवर उतरतं, म्हणून 2.2. मूळ सॅडल पुडीत घालून केसमध्ये ठेवलं, पुडीवर "हिवाळा" लिहून. केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या, आणि वाजवून झालं की गिटार केसमध्येच, भिंतीवर नाही, हा नियम. काकांनी सिलिका जेल प्रयोगशाळेतल्यासारखं दर पंधरवड्याला ओव्हनमध्ये सुकवायला घेतलं. वहिनींचं म्हणणं, ओव्हन नानकटाईसाठी घेतला होता.

एक गोष्ट अशी झाली जी मी ठरवलेली नव्हती. ग्रुपमधल्या बायकांची बरीच गाणी काळी पाचमध्ये, पुरुषांची काळी एकमध्ये. नेहमीच्या स्वराला लावलेल्या गिटारवर या पट्ट्या म्हणजे कॅपो नाहीतर बॅरे. एक स्वर खाली लावल्यावर साधा सी कॉर्ड धरला की थेट काळी पाच ऐकू येते, कॅपोशिवाय. डी धरून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एक. ए धरून तिथेच कॅपो लावला की काळी चार. हार्मोनियमच्या शेजारी बसून काकांनी हे लावून पाहिलं तेव्हा बॅरे जवळजवळ हद्दपार झाला होता. अंगठ्याला वाचवायला केलेला उपाय गाणाऱ्यांच्या पट्टीत नेमका बसला. मी गाणाऱ्यांची पट्टी एप्रिलमध्येच विचारून त्यावर डोकं चालवलं असतं तर गिटार पहिल्या दिवसापासून अशीच लावली असती.

काय निष्पन्न झालं

कोजागरीला नऊ गाणी झाली. काकांनी चार बारा तारीवर वाजवली, पाच जुन्या सहा तारीवर. ही वाटणी अंगठ्याने ठरवली होती: लागोपाठ दोनपेक्षा जास्त गाणी बारा तारीवर नाहीत. गच्चीवर दव पडायला लागलं तसा जीच्या जोडीचा सूर हलला. पण तेवढ्यात तबलेवाल्यांनीही हातोडी काढली होती, त्यामुळे काका जोडीतली एक तार बोटाने दाबून दुसरी लावत बसले तरी कुणाला वेगळं वाटलं नाही. मी पुढच्या रांगेत होतो. सी कॉर्डवर पहिला आघात झाला तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "तानपुरा कुठे लपवलाय यांनी?"

खर्चाचा हिशेब असा: गिटार 34 हजार, हार्ड केस 4 हजार, दोन वेळचं सेटअप आणि जादा सॅडल मिळून 2,800, तारांचे तीन संच. बजेट 25 हजारांचं होतं हे आता घरात कुणी काढत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला, पाचव्या फ्रेटच्या पुढे तारा खरखरतायत. बुटकं सॅडल काढून पुडीतलं मूळचं बसवलं, 2.1 मिलिमीटर, खरखर गेली. पुडी आता रिकामी नाही. तिच्यात बुटकं सॅडल आहे आणि "हिवाळा" खोडून "पावसाळा" लिहिलंय.

पुन्हा करायचं झालं तर

जूनमध्ये खरेदी करणार नाही. दुकानातल्या एसीत मोजलेली अ‍ॅक्शन नेरुळच्या जुलैशी काही देणंघेणं ठेवत नाही. दिवाळीनंतर घेतली असती तर वाद्य स्थिर होऊन पावसाला सामोरं गेलं असतं. पण मग कोजागरी हुकली असती, आणि काकांनी ते मान्य केलं नसतं. त्यामुळे हा सल्ला कागदावर बरोबर आणि माणसाला निरुपयोगी आहे, हे मला ठाऊक आहे.

कोपरखैरण्याची गिटार सोडल्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. काकांना थोडा आहे. तिचा आवाज खरंच मोठा होता.

रुंद की अरुंद नेक, याचं उत्तर मला आजही पक्कं देता येत नाही. 44 च्या नेकवर अंगठा सुखी राहिला असता आणि बोटं अडखळली असती. मधली 46 ची शोधायला आणखी दोन दुकानं फिरायला हवी होती, ती आम्ही फिरलो नाही, कारण बाहेर पाऊस कोसळत होता आणि समोरची छान वाजत होती. दुकानात वीस मिनिटांऐवजी तासभर बसून, सलग चार गाणी पूर्ण वाजवायला लावली असती तर अंगठ्याने तिथेच तोंड उघडलं असतं.

क्लासच्या नोंदवहीत मी आता नव्या माणसाकडून तीन गोष्टी लिहून घेतो: कुणासोबत वाजवणार, त्यांची पट्टी काय, आणि दिवसभर हाताने काय काम करता. गेल्या महिन्यात बारा तारी घ्यायला आलेल्या एकाने तिसऱ्या प्रश्नाला "टॅक्सी चालवतो" असं उत्तर दिलं. कुठला हात गिअरवर असतो हे विचारून मगच मी मोजपट्टी काढली.